सपरीतले चार दिवस

आमच्या घरात भिंतीवर कॅलेंडर होतं, पण ते पाहत कोणी नसे. महिना सरला हे आईला वहिनीवरून कळायचं. वहिनी मागच्या सपरीत जाऊन बसली की आई म्हणायची, "झाला महिना." सपरी म्हणजे घरामागं, न्हाणीला लागून काढलेली पत्र्याची उतरती पडवी. एका कोपऱ्यात सरपण, दुसऱ्या कोपऱ्यात गोवऱ्या, आणि मध्ये उरलेल्या जागेत महिन्यातले चार दिवस घरातली बाई. तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, वाकळ वेगळी. कोणी विचारलंच तर कावळा शिवला म्हणून सांगायचं. तेव्हा यात कोणाला काही वावगं वाटत नसे. मला तर ते चार दिवस फार आवडायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आमचं घर अकोल्याच्या जुन्या शहरात होतं. वडील एका कापसाच्या जिनात वजनकाट्यावर होते, मोठा भाऊही तिथंच लागला होता. पन्नास साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा भावाचं लग्न झालं. वहिनी बाळापूरची, अठरा वर्षांची, मराठी चौथी शिकलेली. मी सात वर्षांची, घरातलं शेंडेफळ. पण लहान असले तरी नणंद, म्हणून आईसमोर वहिनी मला 'बाई' म्हणायची आणि 'तुमी' म्हणायची. नाक पुसायची अक्कल नसलेल्या पोरीला 'तुमी'. मी अशी काही मान ताठ करून फिरायचे की मलाच आज हसू येतं.

लग्नानंतर दीडेक वर्षानं वहिनी सपरीत बसेनाशी झाली. एक महिना गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. आईच्या चेहऱ्यावर तेज आलं. वहिनीला जड उचलू देणं बंद झालं, तिच्या ताटात तूप वाढलं जाऊ लागलं, बाळापूरला निरोप गेला. तिथून तिची आई लाडू घेऊन आली. चौथा महिना संपत आला आणि एका दुपारी वहिनी स्वतःच उठून सपरीत गेली. आठ दिवस तिला अंगावरून इतकं जात होतं की आई घाबरली. सगळ्यांनी गर्भ पडला असं धरलं आणि चारजणी येऊन तिला समजावून गेल्या.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं. तेच तूप, तोच निरोप, आणि पाच महिन्यांनी तेच रक्त. या वेळी समजवायला कोणी आलं नाही. आई मला पाठवून ताट सपरीच्या उंबऱ्यावर ठेवायला लावायची, पण स्वतः तिकडं बघायची नाही. एकदा शेजारणीला म्हणाली, "तिच्या पोटात काई टिकतच नाई. आमीच आंधळे." वहिनी दहा पावलांवर होती. तिनं ऐकलं असणारच.

त्यानंतर मात्र वहिनी घड्याळासारखी सुधारली. अमावास्येच्या आगंमागं दर महिन्याला न चुकता सपरीत. आई निराश झाली, पण निदान गणित बसलं म्हणून गप्प बसली.

ते चार दिवस माझी चैन असायची. एरवी वहिनी पहाटेपासून दळण, पाणी, भाकरी, भांडी यांत असायची. सपरीत गेली की तिला काही शिवायचंच नसे, म्हणजे कामच नसे. मी शाळेतून आले की सपरीच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे. दोघींत दोन हातांचं अंतर. ती कोळशानं फरशीवर हिशेब मांडायची आणि मी ते तोंडी सोडवायचे. चिंचोके खेळायचो. ती मला गोष्टी सांगायची, त्यांतल्या अर्ध्या तिनं रचलेल्या असत आणि प्रत्येकीत एक खाष्ट सासू असे. आई ऐकायच्या अंतरावर नसली की ती मला 'तू' म्हणायची. मला ते 'तुमी'पेक्षा जास्त आवडायचं.

आणखी एक काम माझ्याकडं होतं. तिच्या गाठोड्यात एक बोटभर आरसा होता. तो मी उंबऱ्यावरून धरायचा आणि तिनं ओठांवरचे आणि हनुवटीवरचे केस राख लावून चिमटीनं उपटायचे. लव नव्हती ती, चांगले राठ केस होते. डोळ्यांत पाणी यायचं, तरी हात थांबायचा नाही. तिचं अंगही लग्नानंतर सुटलं होतं, गालांवर मोठ्या मोठ्या पुळ्या होत्या. मानेमागं काळा, जाडसर पट्टा होता. आई म्हणायची, "मान घासत नाई, मळ बसला." वहिनी पाय घासायच्या वज्रीनं मान घासायची. कातडी सोलून निघायची, पण काळं काही जायचं नाही. मलाही तो मळच वाटायचा. माझ्या आंघोळीच्या वेळी मी माझी मान दोनदा घासून घ्यायचे.

मी अकरा वर्षांची असताना एका दुपारी शाळा लवकर सुटली. मी मागच्या दारानं आले. वहिनी न्हाणीत धडपे धूत होती. जुन्या लुगड्याचे चार तुकडे, ज्यांच्याकडं आम्ही मुलींनी पाहायचं नसतं. मी पाहिलं. ते स्वच्छ होते. ती पाण्यात बुडवून पिळत होती, पण पाण्याला काही रंग नव्हता. मी भोचक होते, अजूनही आहे. विचारलं, "वैनी, हे तर धुतलेलेच हायेत. काहून धुवून राहिली?"

तिनं हातातला तुकडा पिळून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "सासूबाई दोरीवर पायतात, म्हणून."

मला कळलं नाही. तिनंच सांगितलं. तिला महिन्याच्या महिन्याला येतच नव्हतं. कधी तीन महिन्यांनी, कधी सहा. आलं की धो धो. ते दोनदा पडलेले गर्भ गर्भ होते की नव्हते, हे तिलाही ठाऊक नव्हतं. "नाई बसली की घरच्यायले आस लागते," ती म्हणाली. "मंग तूप, मंग लाडू, मंग माही माय इथून रडत जाते. त्यापरीस चार दिवस बसलेलं बरं. तुले माही आन हाय, कोनाले सांगू नको."

मी शपथ घेतली. अकराव्या वर्षी कोणी मोठं माणूस आपल्याला गुपित सांगतं यासारखं सुख नसतं. आणि मनात एक हिशेब पण होता, तो आज कबूल करायला लाज वाटते. हे उघडकीला आलं तर सपरीतले चार दिवस बंद होणार. चिंचोके बंद, गोष्टी बंद. वहिनी बाराही महिने चुलीपुढं, आणि माझ्या वाट्याला ती 'तुमी' म्हणणारी.

सहा महिने गेले असतील. वडिलांच्या जिनातल्या कोणीतरी सांगितलं की मोर्णा नदीच्या पलीकडे, नव्या वस्तीत एक डॉक्टरीण आली आहे, बायकांचं बघते. आई आधी नको म्हणत होती, पण वडिलांनी जोर धरला. जायचं ठरलं. पाटी वाचता यावी म्हणून मला बरोबर घेतलं, कारण आईला अक्षर येत नव्हतं.

निघायच्या सकाळी वहिनीनं मला न्हाणीत बोलावलं. आरसा धरायला लावला. एकही केस राहू दिला नाही. तोंडाला हळद लावून पुसली, वरून पावडर. मानेवर पदर असा घट्ट घेतला की कानसुद्धा दिसेना. आम्ही दोघींनी मिळून तिला अगदी नीटनेटकी, निरोगी बाई करून सोडली. मी तर म्हणालेसुद्धा, "आता छान दिसून राहिली." टांग्यात बसून आम्ही पूल ओलांडून गेलो.

डॉक्टरीण मध्यम वयाची, चष्मेवाली, शांत बाई होती. एक टेबल, एक पडदा, एक बाकडं. तिनं वहिनीला विचारलं, "पाळी दर महिन्याला येते का?"

त्या काळात सासू समोर असताना सून बोलत नसे. आईच बोलली. "महिन्याच्या महिन्याले बसते, बाई. एक दिवस मागं-पुढं नाई. मी माह्या डोळ्यानं पायते."

डॉक्टरीण म्हणाली, "आई, मी त्यांना विचारते आहे."

वहिनीनं मान खाली घातली. मग एकदा वर करून माझ्याकडं पाहिलं. मी बाकड्याच्या टोकाला, पाय हलवत बसले होते. ते पाहणं मला अजून दिसतं. डोळे मोठे, ओठ घट्ट मिटलेले. मला वाटलं, ती शपथेची आठवण करून देते आहे. मी ओठ मिटून घेतले आणि अगदी हळू मान हलवली, म्हणजे काळजी करू नको, मी सांगणार नाही. वहिनीनं पुन्हा खाली पाहिलं आणि डॉक्टरणीपुढं होकाराची मान हलवली.

मला स्वतःचा अभिमान वाटला.

डॉक्टरणीनं पडद्यामागं नेऊन तपासलं. वहिनी लाजेनं अंग चोरत होती, त्यात तिचं अंग भरलेलं. किती कळलं असेल देव जाणे. बाहेर येऊन तिनं शक्तीचं औषध लिहून दिलं आणि आईला समजावून सांगितलं, "पाळी इतकी नियमित आहे, म्हणजे सुनेत मला मोठा दोष दिसत नाही. तुमच्या मुलाला एकदा तपासून घ्या."

तिची काही चूक नव्हती. दोन गर्भ पडल्याचं आईनं लाजेनं सांगितलंच नव्हतं; आम्ही जे सांगितलं त्यावरून कोणीही हेच सांगितलं असतं. पण आईच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी आल्यावर पायसुद्धा न धुता वडिलांपुढं उभी राहिली. "माह्या पोरात दोष काढते ती. माह्या पोरात." औषधाची चिठ्ठी तिनं चुलीत घातली. नव्या वस्तीतली डॉक्टरीण त्या दिवसापासून आमच्या घरी रांड झाली, आणि वहिनीनं तिचे कान भरले असा आईनं वहीम घेतला. पडद्यामागं दोघीच तर होत्या.

भावाला तपासणीचं कोणी विचारलं नाही. तो चांगला माणूस होता असं सगळे म्हणतात. होता. पण आईपुढं कधी उभा राहिला नाही. मुलात दोष नाही हे दाखवायचा आईला एकच मार्ग सुचला. वर्षाच्या आत चार पंच बसले, फारकत लिहिली गेली आणि बाळापूरहून वहिनीचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. मी शाळेत होते. आले तेव्हा सपरीत तिची वाकळ घडी करून ठेवलेली होती. मी आईला म्हटलं, "वैनी कुठं?" आई म्हणाली, "जेवून घे."

त्या दिवशीही सांगता आलं असतं. बाळापूर काही काशी नव्हे, पंधरा मैलांवर आहे. पण आता सांगितलं तर इतके दिवस का लपवलं म्हणून मार बसेल, अशी भीती होती. आणि खरं सांगू, मी वहिनीवर रुसले होते. न भेटता गेली म्हणून.

भावाचं पुन्हा लग्न लागलं, दुसरी वहिनी आली, दीड वर्षात मुलगा झाला. आईला आयुष्यात इतकी खूश मी कधी पाहिली नाही. मुलगा मांडीवर घेऊन दारात बसायची, जणू साऱ्या जुन्या शहराला निकाल वाचून दाखवत होती. पुढं मीही सपरीत बसू लागले. नवी वहिनी आणि मी, आळीपाळीनं. ती चांगली होती, पण तिला गोष्टी येत नव्हत्या.

माझा रंग काळा आणि तोंड फटकळ. तीन ठिकाणांहून नकार आल्यावर वडिलांनी मला अमरावतीला नर्सिंगला घातलं. आई चार महिने बोलली नाही. तिथं स्त्रियांच्या वॉर्डात एक मोठ्या डॉक्टर होत्या. त्यांचा एक नियम होता. बाईला तपासायच्या आधी तिच्यासोबत आलेल्या सगळ्यांना बाहेर काढायचं. सासू असो, आई असो, नवरा असो. आत फक्त आम्ही.

एकदा दर्यापूरकडची एक सून आली. सासू बाहेर जाता जाता दारातूनच सांगून गेली, "महिन्याले बरोबर बसते हं, बाई." दार लागलं. डॉक्टर खुर्ची जवळ ओढून त्या पोरीला म्हणाल्या, "बसते का ते मी विचारत नाही. येतं का ते सांग."

पोरगी रडायला लागली. चार-चार महिने येत नव्हतं.

डॉक्टरांनी तिचा पदर मानेवरून बाजूला केला. मानेमागं काळा पट्टा. हनुवटीला बोट लावून उजेडात धरली, केसांचे खुंट दिसले. मला म्हणाल्या, "सिस्टर, हे बघून ठेवा. हा मळ नाही. घासून जात नाही." मी त्या पट्ट्यावर बोट फिरवून पाहिलं.

नंतर त्यांनी आम्हा विद्यार्थिनींना समजावून सांगितलं. बाईच्या अंगात थोडं पुरुषाचंही द्रव्य असतं, या बायकांत ते जास्त होतं, म्हणून केस, म्हणून पुळ्या. बीज पिकायला सुरुवात होते आणि अर्ध्यात थांबतं. सुटून बाहेर येत नाही, म्हणून पाळी चुकते. चुकली की आत अस्तर साठत जातं आणि एकदम फुटतं. तो गर्भ नसतो. मी वहीत लिहून घेत होते. 'तो गर्भ नसतो' हे वाक्य मी दोनदा लिहिलं होतं, हे मला परीक्षेच्या वेळी वही उघडल्यावर दिसलं.

त्या पोरीचं ऑपरेशन झालं तेव्हा मी आत होते. दोन्ही अंडाशयं मोठी, पांढरी, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत. वरची साल जाड, आणि तिच्याखाली पाण्याचे बारीक बारीक फोड दाटीवाटीनं बसलेले. डॉक्टरांनी दोन्हींतून एकेक फाक कापून काढली आणि शिवलं. दीड महिन्यानं ती दाखवायला आली, तेव्हा तिची पाळी आपोआप आली होती. पुढं तिला मूल झालं की नाही, मला माहीत नाही. डॉक्टर म्हणायच्या, सगळ्यांना गुण येतोच असं नाही, काहींना येतो. त्या 'काहींना'नं मला किती रात्री झोपू दिलं नाही.

तरी बाळापूरला जायला मला आणखी दोन वर्षं लागली. आधी परीक्षा, मग नोकरी, मग रजा नाही. कारणं सगळी खरी होती. धीर नव्हता, हेही खरं.

वहिनी तेव्हा चौतीस-पस्तीसची असेल. भावाच्या घरी राहत होती. हंगामात कापूस वेचायला जायची, एरवी लोकांच्या चोळ्या शिवायची. मी गेले तर ती ओसरीच्या टोकाला, वेगळ्या पोत्यावर बसलेली. मी ओळखलंच नाही आधी. अंग उतरलेलं, गाल बसलेले, उन्हानं रापलेली. हनुवटीवरचे केस तिनं आता तसेच ठेवले होते. मी धावत जाऊन हात धरायला गेले, तशी ती मागं सरकली. "शिवू नका बाई, मी दूर बसली हाये."

मला वाटलं, अजून तेच सोंग. मी हसून म्हणाले, "आता कोनासाठी, वैनी?"

ती हसली नाही. "आता खरंच येते. तीन वर्सं झाले. महिन्याच्या महिन्याले." मग हातातल्या चोळीचा दोरा दातानं तोडून म्हणाली, "आता कोनाच्या कामाचं हाय?"

वजन उतरलं, वय वाढलं की काहींची पाळी आपोआप मार्गावर येते, हे मी शिकले होते. तेव्हा ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी जे सांगायला आले होते तेवढं सांगितलं. तो मळ नव्हता. ते गर्भ नव्हते, पोटात काही टिकत नाही हे खोटं होतं. याला नाव आहे, औषधपाणी आहे, आणि त्या दिवशी अकोल्याच्या डॉक्टरणीला खरं कळलं असतं तर कदाचित काही झालं असतं. सांगता सांगता मी रडले. म्हणाले, "मले माईत होतं, वैनी. मी तिथंच बसली होती. पन तू माह्याकडं पायलं ना, शपथ मोडू नको म्हनून. म्हनून मी गप बसली."

तिनं सुई चोळीत खोचून ठेवली. मग सपरीत बोलायची तसं बोलली, 'तुमी' सोडून.

"तू सांगशीन म्हनून पायलं होतं. मले बोलता येत नव्हतं. मले वाटलं, पोरगी हाये, फटकन बोलून टाकन."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तिच्या भावजयीनं चहा आणला, मला कपात आणि तिला तिच्या वेगळ्या वाटीत वरून ओतून. वहिनीनं मला अमरावतीचं विचारलं, पगार विचारला, लग्नाचं विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघाले. ती ओसरीवरूनच म्हणाली, "येत जा." मी पुन्हा दोनदाच गेले.

मी लहान होते, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. आईला खरं माहीत नव्हतं. वहिनीला माहीत होतं, पण तिला तिथं तोंड नव्हतं. त्या खोलीत खरं माहीत असलेली आणि बोलायला मोकळी असलेली मी एकटी होते, आणि मी बाकड्यावर पाय हलवत बसले होते.